१९५३ ची ‘तोस्का’

चि. सोनू,


‘तोस्का’ या ऑपेराची स्टिरिओत इतकी चांगली रेकॉर्डिंग मिळत असताना जुन्या मोनो रेकॉर्डिंगचं एवढं कौतुक कशासाठी, असं तू विचारलंस. ते रेकॉर्डिंग तू राहतेस त्या मिलानमध्येच, ला स्काला ऑपेरागृहात झालं, तेव्हा त्याची हकिकत तुला ठाऊक हवीच.

ऑगस्ट १९५३. तोस्का होती २९ वर्षांची मारिया कॅलास, तोस्काचा प्रियकर ज्युसेप्पे दि स्तेफानो आणि क्रूर पोलीसप्रमुख स्कार्पिया तीतो गोब्बी. वाद्यवृंदाचा संचालक व्हिक्टर दे साबाता ६१ वर्षांचा होता. टेपमुळे एकच जागा पुन्हापुन्हा गाऊन घेता येत होती आणि त्याने ती मुभा पुरेपूर वापरली. निर्माता वॉल्टर लेगच्या आठवणींनुसार गोब्बीला पहिल्या अंकातलं गाणं तीस वेळा गावं लागलं. एकेका अक्षराचा रंग तपासला गेला. स्कार्पियाच्या खुनानंतरच्या एका ओळीसाठी कॅलासने अर्धा तास घाम गाळला.

त्या कष्टांचं फळ ऐकू येतं. पहिल्या अंकातली लाडिक, संशयी कॅलास दुसऱ्या अंकात खालच्या स्वरांवर उतरते, तेव्हा आवाजातला गोडवा ती जाणूनबुजून सोडून देते. गोब्बी ओरडत नाही. त्याच्या सभ्य, मुलायम बोलण्याचीच भीती वाटते. आणि दे साबाता लय कुठे रोखायची, कुठे मोकळी सोडायची हे गायकाच्या श्वासावरून ठरवतो.

उणीव आहेच. पहिल्या अंकाच्या शेवटी चर्चमधल्या घंटा, तोफा, समूहगान आणि स्कार्पियाचा आवाज मोनोत एकमेकांवर चढतात. तिथे संचालक कराजानचं १९६२ चं व्हिएन्नातलं स्टिरिओ रेकॉर्डिंग सरस आहे. त्यात तोस्का झालेल्या लिओंटिन प्राइससोबत पुन्हा दि स्तेफानोच आहे. पण त्या रेकॉर्डिंगचा निर्माता जॉन कल्शॉ सांगतो की, कराजान मधूनमधून दे साबाताचं रेकॉर्डिंग मागवून ऐके. तिसऱ्या अंकातल्या एका जागेबद्दल तर कराजानने कबूल केलं, की दे साबाताचं बरोबर आहे, पण आपल्याला ते जमणार नाही.

त्याच १९५३ साली दे साबाताला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचं संचालन जवळपास थांबलं. संपूर्ण ऑपेराचं हे त्याचं एकमेव स्टुडिओ रेकॉर्डिंग. म्हणून आधी हेच ऐक, दुसऱ्या अंकापासून, संहिता हातात धरून. कराजान त्यानंतर.

तुझी,
मावशी