आधी कोण?

शुक्रवार पेठेतल्या माझ्या दुकानात बंद पडलेला संगणक आला की मी आधी मालकाकडे बघतो. "काल काय केलं होतं?" उत्तर ठरलेलं, "काहीच नाही." चहा येईपर्यंत थांबलं की एकेक निघतं. अपडेट आलं होतं, लाइट गेली होती, भाच्यानं पेनड्राइव्ह लावला होता. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर निम्मं निदान इथंच होतं.

अशी यंत्रं आमच्याकडे काटकसरीतून तयार होतात. वडिलांचा टॉवेलचा कारखाना, हिशेब टॅलीत, म्हणून विंडोज. मुलगी इंजिनिअरिंगला, तिला लिनक्समधलं उबुंटू हवं. दोन लॅपटॉप कोण घेणार? मग डिस्कचे भाग पाडायचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हा विंडोज ११ च्या अटीत न बसणाऱ्या जुन्या यंत्रांतही शेजारी लिनक्स बसवायला लोक येऊ लागले.

आणि एक दिवस दोन्हीतून निवडायची यादीच दिसत नाही, थेट विंडोज उघडतं. मुलगी रडकुंडीला, "काका, प्रोजेक्ट गेला!" बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. जुन्या बायोसच्या काळात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामला मिळत. तिथं एकालाच जागा. विंडोज नव्यानं टाकलं की लिनक्सचा सुरुवातीचा प्रोग्राम, म्हणजे ग्रब, पुसला जाई. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयनं ती अडचण काढली. डिस्कवर फॅट ३२ चं छोटं पार्टिशन, त्यात प्रत्येक सिस्टिमचं स्वतंत्र फोल्डर, आणि कोणाला आधी बोलवायचं याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत. आता पुसापुशी थांबली, पण यादीतली चढाओढ सुरू झाली. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर विंडोज वर सरकतं, बायोस अपडेट केलं की कधी यादीच कोरी होते. काही लॅपटॉप तर क्रम काहीही लावा, विंडोजच उघडतात. लिनक्सच्या फाइली मात्र जागच्या जागी असतात. मूल वर्गात बसलेलं आहे, हजेरीपटावर नाव तेवढं नाही.

म्हणून या कामात हात आवरता आला पाहिजे. आधी मदरबोर्डच्या सेटअपमध्ये जाऊन क्रम बघायचा, उबुंटू खाली गेलं असेल तर वर आणायचं. नावच नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून यादीत नवी नोंद करायची. तेवढ्यानं भागलं नाही, तरच ग्रब पुन्हा बसवायचं. उलट तक्रारही येते, की ग्रबमध्ये विंडोज दिसत नाही. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. सेटिंगमधली एक ओळ बदलून ग्रब अपडेट केलं की झालं. "फॉरमॅट मारू का?" असं जो पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, त्याच्याकडे यंत्र देऊ नये.

सेटअपला हात लावण्याआधी मात्र मी हट्टानं थांबतो. विंडोजवर डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल, तर क्रम किंवा सुरुवातीचा प्रोग्राम तपासणारं सिक्युअर बूट बदलल्यावर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसली तर टॅलीसकट सगळं कुलपात. "मालक, की आधी कागदावर घ्या." मग कळतं, की ज्या अकाउंटवर आहे ते भाच्यानं उघडलेलं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. दुरुस्ती दहा मिनिटांची, पासवर्डचा शोध दुपारभर.

स्क्रीनवरचा संदेशही नीट वाचावा लागतो. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ठिकाणी जुन्या लिनक्सचा सुरुवातीचा प्रोग्राम सिक्युअर बूटनं अडवला. स्क्रीनवर सुरक्षा धोरण मोडल्याचा संदेश यायचा. तिथं क्रम बिनचूक होता, तो कितीही वरखाली केला तरी उपयोग नव्हता.

सगळं जमल्यावरही घड्याळ साडेपाच तास चुकतं. यंत्रातली वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स जागतिक. एका आज्ञेनं लिनक्सला विंडोजसारखं वागायला लावता येतं.

शेवटचा प्रश्न तंत्राचा नाही. यादीत पहिलं नाव कोणाचं? शेवटी जे उघडलं तेच पुन्हा उघडावं, अशी सोय ग्रबमध्ये आहे. न्याय्य वाटते, पण मुलगी रात्री उबुंटू बंद करून झोपली की सकाळी कारखान्यातून मला फोन येतो, "अहो, टॅली कुठं गेलं?" म्हणून मी ग्रब आधी ठेवतो, त्यात विंडोज पहिलं धरतो आणि निवडायला दहा सेकंद देतो. "पण जास्त मीच वापरते," मुलगी कुरकुरते. खरंही असतं ते. तरी बाणाचं बटण दाबणं जिला जमतं, तिनंच दुसरा नंबर घ्यावा, हे मी तिला सांगतो. पुढं नोकरीत दुसऱ्यांसाठी यंत्रं लावशील तेव्हा हाच नियम उपयोगी पडेल, हेही.