वेग आणि वेलांटी

आज नव्या तुकडीला इनस्क्रिप्ट कळफलक शिकवायला घेतला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबला की 'ख', 'त'च्या कळीवर 'थ'. ही मांडणी मुलांना पटकन आवडते. अडतं ते पहिल्या वेलांटीला. वहीत 'किती' लिहिताना हात आधी वेलांटी काढतो. इथे मात्र आधी 'क', मग वेलांटी. जसा उच्चार तसा क्रम. जोडाक्षर तर डोळ्यांदेखत उलगडतं: त, हलन्त, र, आणि 'त्र' तयार. शाळेत इतकी वर्षं गिरवूनही अक्षराची ही घडण दिसलेली नसते.

मुलं येतात लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी. मराठीला मिनिटाला 30 शब्दांचा वेग हवा. त्यांची घाई मला कळते. घरचे डोळे लावून बसलेले असतात. तरी तासाच्या शेवटी उतारा मिटायचा आणि स्वतःचं काही लिहायचं, हा माझा आग्रह. उताऱ्यावर सरसर चालणारी बोटं तिथे थबकतात, आणि मला तेच थबकणं हवं असतं. शब्द शोधण्याची सवय लावणारं दुसरं कुणी त्यांना पुढे भेटेलच असं नाही.

एका मुलीने आज आजीच्या शेतातल्या विहिरीवर चार ओळी लिहिल्या. 'विहीर'मधली दुसरी वेलांटी ऱ्हस्व पडली होती. ती उद्या सांगेन. आज पुढची ओळ मागितली.