न दिसणारा धूर

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस त्याच्यापासून दूर पळतो. पण जो झोंबतच नाही, त्याच्यापासून पळायचे कसे? आमच्या वरवट बकालला गॅसच्या शेगड्या आल्या, तेव्हापासून हा प्रश्न मला पडला आहे.

आमचा मुलूख कपाशीचा. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, भारे रचायचे आणि वर्षभर चुलीत घालायचे, ही पिढ्यांची रीत. त्या धुरात आमच्या आज्यांचे डोळे अधू झाले, छाती भरली. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीही सिलिंडर पोहोचू लागले. चुलीपेक्षा गॅस कितीतरी बरा, यात शंका नाही.

मात्र गॅसला धूरच नाही, हा समज खरा नव्हे. ज्योतीच्या आचेने हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. तो दिसत नाही. पण श्वासनलिकेला त्रास देतो, दमेकऱ्याचा दमा वाढवतो. ज्योत पिवळी पडली, भांड्याचे बूड काळे होऊ लागले, की समजावे, जळण अपुरे होत आहे आणि कार्बन मोनॉक्साइडही निघत आहे. फोडणीचा धूर तर निराळाच.

पूर्वी कवेलूंच्या फटींतून धूर आपोआप निघून जाई. आता स्लॅब आला, फटी बुजल्या, उरली एक खिडकी. आमच्या घरी तीही बंद! माय म्हणते, "वाऱ्यानं जाळ हालते बाप्पा, गॅस जास्त जळते. सिलिंडर का फुकट येते?"

तिला नाही कसे म्हणावे? १४.२ किलोचा गॅस पुरवून पुरवून वापरायचा, तर तिला वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. पण खोकतेही तीच. त्या खोकल्यात चुलीची जुनी वर्षेही असतील. धाकटी बहीण तिच्याजवळच पाटी घेऊन बसते.

मी शेगडी खिडकीसमोरून हलवून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. आता ज्योतीला वारा लागत नाही, खिडकी उघडी राहते. माय काही बोलली नाही. थंडी पडली की ती पुन्हा खिडकी लावील, हे मला ठाऊक आहे. गॅस वाचवावा की श्वास, हा हिशेब ती आजवर एकटीच करीत आली. तो सगळ्या घराने मिळून करायला हवा. भाकर तर आपण सगळेच खातो!