घरबसल्या नगरदर्शन

ना तिकीट, ना सामान, ना पायपीट. तरीही शहरभर भटकंती! मुंबईच्या जेनेसिस इंटरनॅशनल कंपनीने २०१३ मध्ये ‘वोनोबो’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि ही गंमत घरोघरी पोहोचली. मोटारीवरील कॅमेऱ्यांनी रस्तोरस्ती चौफेर छायाचित्रे टिपली होती. पडद्यावर एकेक पाऊल पुढे जावे, मान वळवावी तसे चित्र फिरवावे. दुकानाची पाटी, कोपऱ्यावरचे झाड, सारे समोर. गुडघेदुखीने घरात अडकलेल्या आजीलाही माहेरची वाट धुंडाळावीशी वाटावी, अशीच ही सोय!

पण काही वर्षांतच ही सेवा बंद पडली. २०२२ मध्ये गूगलने याच कंपनीच्या आणि टेक महिंद्राच्या साहाय्याने मुंबई, पुणे, नाशिकसह दहा शहरांत अशी सफर पुन्हा सुरू केली. रस्ते परतले, पण काळ परतला नाही. मधल्या वर्षांत भुयारी मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या कित्येक जुन्या इमारती पाडल्या गेल्या. नवा कॅमेरा त्या कुठून दाखवणार?

म्हणून यंदा दिवाळीत घरच्यांचे फोटो काढताना मागची गल्लीही चौकटीत घ्यावी. नातवंडांना उद्या तीच वाट दाखवील.