गोऱ्ह्याच्या वाट्याचे दूध

गोऱ्हा भरला नाही की दोष जातीला द्यावयाचा, ही आपल्याकडील जुनी सवय. ‘गवळाऊ आहे, एवढाच वाढायचा’, असे म्हटले की धन्याची जबाबदारी संपते. आम्हांस हे अर्धेच पटते.

गवळाऊ हा आमच्या वर्धा-नागपूर भागाचा गोवंश. पांढरा, हलक्या बांध्याचा, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजांचे सामान वेगाने नेण्यासाठी तो जोपासला गेला, असे सांगतात. ज्याची निवड पिढ्यान्‌पिढ्या वेगासाठी झाली, त्याने वजनात होल्स्टीनशी स्पर्धा करावी ही अपेक्षाच विचित्र! होल्स्टीनचे वासरू जन्मतः चाळीस किलोंच्या आसपास भरते. गवळाऊचे त्याच्या साधारण निम्मे. १९४१ साली जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने वर्ध्यास गोसेवा संघ उभा राहिला. पुढे त्याच जिल्ह्यात हेटीकुंडी येथे गवळाऊच्या पैदाशीचे शासकीय प्रक्षेत्रही झाले. तेव्हा जातीचा विचार झालाच नाही, असे नाही.

परंतु जात मर्यादा आखून देते. त्या मर्यादेपर्यंत पोहोचणे दावणीवर ठरते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर रोगाशी झुंजण्यात वासरू मागे पडते. त्यानंतर वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध रोज हवे. चारा पचविणारे मोठे पोट तयार होण्यासाठी खुराक व कोवळे गवतही लवकर तोंडाशी यावे लागते. होल्स्टीन गोऱ्ह्यांवरील परदेशी अभ्यासांत दिसून आले आहे, की पहिल्या सहा महिन्यांतील उपासमारीने गोऱ्हा उशिरा वयात येतो. पुढे ढेपेची पोती रिकामी केली तरी अंगावर मांस चढते. गेलेले महिने भरून निघत नाहीत. शिवाय नागपूरचा मे महिना! पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याखाली बांधलेला संकरित गोऱ्हा धापा टाकतो, चारा टाकतो. गवळाऊ त्या उन्हात चरून येतो.

धंतोलीत आता गोठ्यांपेक्षा रुग्णालये अधिक. तरी आमच्याकडे दूध घालणारा गवळी शहराबाहेर चार जनावरे राखून आहे. त्याच्या गोठ्यात कालवडीस दूध मिळते. गोऱ्ह्यास मात्र पान्हा सुटेपर्यंतच सडाशी लावतात आणि ओढून बाजूला बांधतात. तो मनुष्य निर्दय नव्हे. नांगराला ट्रॅक्टर आला, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीसही बंदी असल्याने नराला गिऱ्हाईक उरले नाही. मादीच जन्मावी यासाठी लिंग-निवडीच्या रेतमात्रा आता मिळतात. पण तेही रेत कुणीतरी नीट वाढविलेल्या वळूचेच असते, हे आम्ही त्यास सांगितले.

आम्ही हिशेबही मांडला : पंचवीस किलोंच्या वासरास रोज अडीच लिटर, म्हणजे महिन्यास पंचाहत्तर.

“एवढं दूध मले कोण भरून देईन, फादर?”

अलीकडे तो एक सड गोऱ्ह्यासाठी पूर्ण सोडतो. दुसऱ्याविषयी आमची घासाघीस चालू आहे.