तात्यांचं मशीन

आमच्या गावात गिरणीला चक्की म्हणायचे आणि विहिरीवरच्या इंजिनाला इंजिन. 'मशीन' म्हटलं की ते एकच, माझ्या चुलत्याचं, म्हणजे तात्यांचं. ॲम्प्लिफायर हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता. "मशीन सांगितलंय का?" असं लग्नघरी विचारलं की त्यात सगळं आलं: राखाडी पत्र्याची ती पेटी, बारा व्होल्टची बॅटरी, दोन कर्णे, दोन माईक, आणि कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळलेली वायरीची वेटोळी.

मी हायस्कुलात असताना तात्यांच्या हाताखाली जायला लागलो. बैलगाडीत सगळ्यात आधी बॅटरी चढायची. तिचं ॲसिड सांडू नये म्हणून ती चुंबळीवर बसवायची. माईक मात्र तात्या कुणाच्या हाती देत नसत. टॉवेलात गुंडाळून तो स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचे. लग्नाला, बारशाला, जत्रेतल्या कुस्त्यांना कर्णा लागायचा. तिथं आवाज लांब जाणं हेच काम. पण तात्यांचा जीव रमायचा तो देवळातल्या भजनात आणि सप्त्याच्या कीर्तनात. "माळावर कुणीबी वाजवंल. दीडशे माणसांच्या देवळात लावून दाखवा," असं ते म्हणायचे.

आमचं विठ्ठलाचं देऊळ दगडी, पुढं सभामंडप आणि त्याच्यावर पत्रे. रिकाम्या मंडपात टाळी वाजवली तर ती भिंतीवर आपटून परत यायची. दुसऱ्या गावचे स्पीकरवाले दुपारी येऊन "हॅलो हॅलो" करून आवाज ठरवायचे आणि रात्री फसायचे. तात्या दुपारी फक्त जोडणी करत. आवाज ठरवायचा तो लोक बसल्यावर. "माणसं आवाज खात्यात," ते सांगायचे, "धा रिकाम्या भिंतीपेक्षा येक घोंगडंवाला म्हातारा बरा." मागच्या भिंतीवर ते चार घोंगडी टांगायला लावत. लोकांना वाटायचं, थंडीसाठी.

वारकरी कीर्तनात खरी अडचण टाळांची. महाराज पुढं उभे आणि त्यांच्या मागं वीस-पंचवीस टाळकरी. महाराजांच्या तोंडासमोरचा माईक टाळांच्याही तोंडासमोरच असतो. महाराज दोन पावलं मागं सरकले की त्यांचा शब्द बुडतो आणि टाळ तेवढे घुमतात. मग अडाणी स्पीकरवाला आवाज वाढवतो, माईक कुई करतो आणि सगळं देऊळ कानावर हात ठेवतं. तात्या उलटं करायचे. माईक महाराजांच्या हनुवटीजवळ आणायचा आणि मशीनचा कान पिळून आवाज उतरवायचा. स्पीकर माईकच्या पुढं, माईकची पाठ त्यांच्याकडं. पखवाजाला माईकच द्यायचा नाही. कणीक लावलेली त्याची धूम अशा देवळात आपल्या पायानं शेवटपर्यंत चालत जाते.

अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलनं उतरतो, हे मी पुढं कॉलेजात शिकलो. तात्यांनी ते पायांनी मोजलेलं होतं. पुढचा एकच स्पीकर जोरात लावला तर पहिल्या ओळीतलं पोर दचकतं आणि शेवटच्या ओळीतली म्हातारी शेजारणीला विचारते, "काय म्हणालं गं?" म्हणून त्यांनी कर्णे बाजूला ठेवून दोन उभट कॉलम घेतले. एक पुढच्या खांबाला आणि एक मधल्या, दोन्ही बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, तोंड थोडं खाली. दोन्ही हळू.

मशीन जोडून झालं की ते मला पेटीजवळ बसवायचे आणि स्वतः मागं बायकांच्या ओळीच्याही पलीकडं, नगारखान्याच्या खांबाला टेकायचे. मी म्हणायचो, "तात्या, तुमी हितं बसा की. मला काय कळतंय?"

"आरं, मशीनपाशी बसून मलाबी कळत न्हाई. हातावर नजर ठेव."

तळवा वर केला की वाढवायचा, खाली केला की उतरवायचा. बहुतेक वेळा तळवा खालीच असायचा. कीर्तन सुटल्यावर एखादी म्हातारी "आज मशीन लावलं नव्हतं का रं?" म्हणाली की तात्या दुसऱ्या दिवशीपर्यंत खुशीत असायचे.

एका वर्षी यावरूनच बिघडलं. कमिटीनं देवळाशेजारच्या लिंबावर कर्णा बांधायला लावला होता. पलीकडच्या गावाला आपला सप्ता कळला पाहिजे, ही हौस. झाडाच्या अंगालाच एका घरात बाळंतीण होती. पोर दिवस पुरे व्हायच्या आत झालेलं, मूठभर. कर्ण्याचं तोंड नेमकं तिच्या खिडकीवर. पहाटे चारला काकडा सुरू झाला की पोर थरथरायचं आणि अंगावर प्यायचं बंद व्हायचं. तिची सासू कमिटीकडं गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तात्यांच्या समोर येऊन नुसती उभी राहिली. तात्यांनी विचारून घेतलं, लिंबावर चढले आणि कर्णा उतरवून गाडीत टाकला.

संध्याकाळी कमिटी आली. "पैसं आमी देतुय का त्या घरानं?"

"तुमीच देताय."

"मग पलीकडच्या गावाला ऐकू कसं जायचं?"

"ज्याला ऐकायचंय त्यो चालत यील," तात्या म्हणाले आणि वायर गुंडाळत राहिले.

पुढच्या वर्षी सुपारी तालुक्याच्या एका माणसाला गेली, चार कर्ण्यांसकट. तात्यांचे कॉलम उधारीवर घेतलेले होते. सप्त्याचा पैसा म्हणजे त्यांचा वर्षाचा मोठा हप्ता. त्या दिवाळीला काकूंच्या पाटल्या गहाण गेल्या. घरात कुणी त्यांना बोललं नाही, पण जेवताना कुणी काही बोलायचंच नाही, हे मला आठवतं. काकूंनी एकदाच विचारलं, "नुसतं त्वांड फिरवून ठेवला आसता तर?" तात्या म्हणाले, "मग दुसऱ्या घरावर गेला आसता."

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी काल्याच्या कीर्तनाला येणाऱ्या महाराजांनीच निरोप धाडला. चार कर्ण्यांच्या गलक्यात त्यांना स्वतःचाच आवाज कानावर येत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसला होता. आधीचा मशीनवाला असेल तर येतो, म्हणाले. तात्या गेले. अट एकच, कर्णा बांधायचा नाही. पाटल्या सुटायला मात्र आणखी एक वर्ष लागलं.

ते पोर जगलं. पुढं ते देवळात पखवाज वाजवायला शिकलं. हे मी सांगतो तेव्हा लोकांना गोष्ट रचलेली वाटते, पण ज्या गावात पखवाज शिकणारी पोरं पाच-सहाच, तिथं त्यात नवल काय?

मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून डीजे आला. पंचाच्या छातीत धडधडलं की वर्गणी वसूल झाली, असं पोरांना वाटायला लागलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल. गावात कुरकुर झाली की आता काकड्याचं कसं. तात्या एकटेच हसले. "काकड्याला मशीन लागतंय कशाला? त्या वक्ताला गावात दुसरा आवाजच नसतोय." त्या वर्षापासून काकडा उघड्या गळ्यानं होतो. जाग आलेला अंथरुणातून ऐकतो, झोपलेला झोपतो.

तात्यांचं मशीन आता माळ्यावर आहे. त्याच्या मागच्या खुंट्यांवरचे चार, आठ, सोळाचे आकडे घासून गेलेत. चुलतभावानं नवे स्पीकर घेतलेत, मशीन त्यांच्या पोटातच असतं. एका हातात एक उचलून तो देवळात नेतो. वायरही कमी लागते. पण जोडणी झाली की तो पोराला मोबाईलपाशी बसवतो, लोकांच्या कडेकडेनं मागं जातो आणि नगारखान्याच्या खांबाला टेकून हात वर करतो. तळवा खाली.