गल्ला कुणाच्या नावावर भरतो?

बहारीनला पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला. पहिल्या दिवशी बाब-अल-बहारीन आणि मागचा सूक, दुसऱ्या दिवशी किल्ला आणि वाळवंटातलं ते एकटं झाड, तिसऱ्या दिवशी सौदीच्या पुलावर मधल्या बेटापर्यंत एक चक्कर, आणि उरलेला वेळ मॉल. ईसा टाउन या यादीत कधीच नसतं. तिथे आपण जातो ते मुलांना शाळेत सोडायला, नाहीतर जुन्या बाजारात पडद्याचं कापड शोधायला. १९६० च्या दशकात आखून वसवलेलं, सरळ रस्त्यांचं आणि ठेंगण्या घरांचं हे गाव. त्यात बघण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं तर मी सांगतो, खलिफा स्पोर्ट्स सिटी. पण दिवसा नव्हे, लढतीच्या रात्री.

२३ सप्टेंबर २०१६ रोजी इथे ‘ब्रेव्ह’ या स्पर्धेची पहिली रात्र झाली. राजेसाहेबांचे चिरंजीव शेख खालिद बिन हमद अल खलिफा यांनी ही संस्था काढली. खेळ म्हणजे एमएमए. बॉक्सिंगचे ठोसे, कुस्तीचे डाव, ज्युडोची फेक, थायलंडच्या लाथा, सगळ्याची मिसळ. आणि दोरखंडांच्या रिंगणाऐवजी जाळीचा पिंजरा. आपला हा देश म्हणजे क्षेत्रफळानं गावाकडचा एखादा तालुका. पण इथून निघालेली ही स्पर्धा पुढे तीसहून अधिक देशांत जाऊन आली.

मला स्वतःला मारामारीचं फारसं वेड नाही. पण पेशानं इंजिनिअर असल्यामुळे एका गोष्टीकडे लक्ष जातं, ती म्हणजे आवाज. निवेदक एकामागून एक नावं पुकारतो. एखादा उत्तम लढवय्या येतो, पायांची हालचाल घड्याळासारखी, आणि टाळ्या पडतात त्या सत्कार समारंभात पडतात तशा. मग दुसरंच कोणीतरी येतं, कसब बेताचंच, आणि छत उडून जाईल असा गलका होतो. हमझा कूहेजी या इथल्या पोराला तर टोपणनावच आहे, ‘बहारीनची शान’. अशी नावं पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापतात. आपल्याकडे जत्रेच्या हँडबिलावर एक नंबरची कुस्ती ठळक छापतात, तसंच. तर मंडळी, प्रश्न असा की गल्ला नेमका कुणाच्या नावावर भरतो? सगळ्यात चांगल्या लढवय्याच्या? तसं असतं तर हिशेब फार सोपा होता.

या प्रश्नाचं पहिलं प्रात्यक्षिक मी पाहिलं ते टेक्सासमध्ये, एम. एस. करत असताना. ५ मे २००७ ला लास व्हेगासला ऑस्कर दे ला होया आणि फ्लॉइड मेवेदर यांची लढत होती. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या मेक्सिकन पोरांनी गणपतीची गोळा करावी तशी वर्गणी गोळा केली, कारण टीव्हीवर लढत बघायला वेगळे पैसे भरावे लागत. दे ला होया लॉस एंजलिसमध्ये जन्मलेला, पण आईबाप मेक्सिकोचे, त्यामुळे तो त्यांचा. मेवेदर आला तो डोक्यावर भली मोठी मेक्सिकन टोपी घालून! खोलीतली पोरं भडकली. मेवेदरला तेच तर हवं होतं. लढत त्यानं थोडक्यात जिंकली, आणि त्या रात्री सुमारे २४ लाख घरांनी पैसे भरले होते, तोवरचा तो विक्रम. त्यातली कित्येक घरं मेवेदरचं थोबाड फुटलेलं बघायला बसली होती. तो पुढे ५० पैकी ५० लढती जिंकून निवृत्त झाला. म्हणजे या लोकांनी दहा वर्षं न चुकता पैसे भरले आणि त्यांची हौस काही फिटली नाही.

दुसरं प्रात्यक्षिक इथलंच, मनामातलं. २ मे २०१५ ची मेवेदर-पॅकियाओ लढत अमेरिकेत शनिवारी रात्री होती, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी, ऐन कामाच्या दिवशी. आमच्या ऑफिसातले फिलिपिनो ड्राफ्ट्समन त्या दिवशी एकजात ‘आजारी’ पडले. मी सकाळी गुदेबियातून गाडी काढली तर त्यांच्या खाणावळींबाहेर फूटपाथपर्यंत गर्दी. घरकाम करणाऱ्या बायका, सेल्समन, नर्सेस, एका टीव्हीपुढे शंभर माना. पॅकियाओ हरला. दुपारी आमचा एक ड्राफ्ट्समन आला, काही न बोलता टेबलाशी बसला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं दोन दिवसांचं ड्रॉइंग पुरं केलं. त्या लढतीला एकट्या अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी शंभर डॉलरच्या आसपास मोजले. पण मला गल्ला कळला तो त्या फूटपाथवर. गरिबीतून वर आलेला, परमुलखात जाऊन ठोसे खाऊन घरी पैसे पाठवणारा माणूस. त्याच्यात प्रत्येक जण स्वतःला बघत होता.

जुने हिशेब काढले तरी हेच दिसतं. २ जुलै १९२१ ला जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिए यांची लढत न्यू जर्सीत झाली. टेक्स रिकार्ड या प्रमोटरनं त्यासाठी खास लाकडी स्टेडियम उभारलं होतं. ऐंशी हजारांवर माणसं बसली तेव्हा ते हलत होतं म्हणे. इंजिनिअरला हे वाचूनच घाम फुटतो. गल्ला दहा लाख डॉलरच्या पार गेला, बॉक्सिंगच्या इतिहासात पहिल्यांदाच. आणि गंमत बघा, डेम्प्सी अमेरिकन असूनही बऱ्याच अमेरिकनांना नकोसा होता, कारण पहिल्या महायुद्धात तो लष्करात गेला नाही असा त्याच्यावर ठपका होता. कार्पेंतिए मात्र युद्धात पदकं मिळवलेला वैमानिक. रिकार्डनं विकलं ते हे भांडण; ठोसे त्याच्यासोबत आले.

२२ जून १९३८ ला न्यूयॉर्कमध्ये जो लुई विरुद्ध जर्मनीचा माक्स श्मेलिंग. दोन वर्षांपूर्वी श्मेलिंगनं लुईला पाडलं होतं आणि मधल्या काळात हिटलरची सावली जगावर पडली होती. काळा म्हणून ज्या लुईला आपल्याच देशात कित्येक ठिकाणी दुय्यम वागणूक मिळे, तो त्या रात्री अख्ख्या अमेरिकेचा झाला. लढत आटोपली १२४ सेकंदांत.

मग मुहम्मद अली. १९६१ साली त्याला गॉर्जस जॉर्ज नावाचा एक नखरेल पहिलवान भेटला, ज्याला लोक शिव्या घालत आणि शिव्या घालायला तिकीट काढून येत. अलीनं तो धडा गिरवला. पण नुसत्या बडबडीवर कोणी इतकं मोठं होत नाही. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून १९६७ साली त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. ऐन उमेदीची साडेतीन वर्षं गेली. त्यामुळे ८ मार्च १९७१ ला तो जो फ्रेझरपुढे उभा राहिला तेव्हा अर्ध्या देशाला तो जिंकायला हवा होता आणि अर्ध्याला पडायला. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. त्याच्यानंतरचा लॅरी होम्स हा कसबानं थोर, सलग ४८ लढती जिंकलेला, पण अलीसारखं प्रेमही त्याच्या वाट्याला आलं नाही आणि तसा रागही नाही.

म्हणजे काळ बदलला, साधनं बदलली. लाकडी स्टेडियमच्या जागी रेडिओ आला, मग थिएटरचा पडदा, मग पैसे भरून बघायचा टीव्ही, आता मोबाइल. गणित मात्र तेच राहिलं. तीन गोष्टी लागतात: एक ‘आपला’, एक ‘त्यांचा’, आणि निकालाबद्दल खरीखुरी शंका. यातली एक जरी काढली तरी खुर्च्या रिकाम्या.

आपल्याला हे अमेरिकेनं शिकवायला नको. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचं मैदान बांधलं, ते १९१२ साली खुलं झालं. मधोमध मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेला उतार. शेवटच्या रांगेतल्यालाही डाव दिसतो. आजही त्या आखणीला नाव ठेवता येत नाही. सत्तरच्या दशकात दिल्लीचा सतपाल विरुद्ध आपला हरिश्चंद्र बिराजदार ही बेळगावची कुस्ती आमच्या वडिलांच्या पिढीला अजून तोंडपाठ आहे. बिराजदार लातूरकडचे, घडले कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. आणि कुस्ती बेळगावात! सीमाभागातल्या मराठी माणसानं त्या दिवशी कुणाचा जयजयकार केला हे सांगायला नको.

मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगनं एक पिढी गाजवली. तेच स्टेडियम आता ‘डोम’ झालंय. आपल्या बहारीनच्या ब्रेव्हनं एप्रिल २०१७ मध्ये तिथेच एक रात्र भरवली आणि ऑगस्टमध्ये तिथेच विजेंदर सिंग चीनच्या झुल्पिकारशी लढला. तेव्हा डोकलामचा तणाव चालू होता, त्यामुळे पोस्टरला वेगळं लिहायची गरजच नव्हती. विजेंदर जिंकला आणि म्हणाला, सीमेवर शांतता व्हावी म्हणून हा पट्टा मी त्याला परत देतो. मला तो त्या रात्रीचा सर्वांत चांगला डाव वाटला.

या सगळ्यात खाशाबा जाधवांची आठवण होते. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन खाशाबा कराडला उतरले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण गहाण घर मिरवणुकीनं सुटत नाही. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेतली, स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. गल्ल्याच्या पैशाचा याहून चांगला उपयोग माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता बॉक्सिंगच्या मोठ्या लढती आपल्या पुलापलीकडे होतात. डिसेंबर २०१९ मध्ये जोशुआ-रुईझ दिरियात, तात्पुरत्या स्टेडियममध्ये. मे २०२४ मध्ये उसिक-फ्युरी रियाधला. पैसा असला की लढत विकत आणता येते, हे सौदीनं दाखवलं. गलका मात्र विकत आणता येत नाही. आपल्या बहारीनचंच घ्या. पॅरिसला २०२४ साली ९७ किलो गटात कुस्तीचं सुवर्णपदक अहमद ताझुद्दिनोव्हनं बहारीनला मिळवून दिलं. मूळचा दागेस्तानचा हा पोरगा आदल्या वर्षी जगज्जेता झालेला. एवढा मोठा मल्ल, पण आमच्या ऑफिसात त्याचं नाव मला दोनदा सांगावं लागलं. उलट दुबईला देऱ्यात शुक्रवारी संध्याकाळी भारत-पाकिस्तानचे मजूर वाळूत कुस्त्या लावायचे. ना तिकीट ना खुर्ची, तरी कडं सात-आठ रांगांचं. कारण गाववाला उतरलेला असे.

हे सगळं मी एरवी गंमत म्हणून सांगितलं असतं. पण मागे एकदा मुलाला घेऊन ईसा टाउनला गेलो होतो. तो मनामात जन्मलेला, शुक्रवारी मंडळाच्या वर्गात मराठी गिरवणारा. त्या रात्री कार्डावर एक भारतीय लढवय्या होता. मी टाळ्या वाजवल्या, मुलानंही माझ्याकडे बघून वाजवल्या. शेवटी एक बहारीनी पोरगा पिंजऱ्यात आला आणि आमचं हे कार्टं खुर्चीवर उभं राहून घसा फाटेस्तोवर ओरडायला लागलं. मागच्या रांगेतल्या पांढरा थोब घातलेल्या आजोबांनी हसून विचारलं, कुठला रे तू? त्यानं अरबीत सांगितलं, इथलाच.

मी काही बोललो नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांचे ‘आपले’ बघत आलो, टेक्सासात मेक्सिकनांचा, मनामात फिलिपिनोंचा. मला परमुलखात कोणी मिळाला नव्हता. याला मिळाला होता. आणि आपल्या सगळ्यांच्या सीपीआर कार्डावर एक तारीख छापलेली असते. नोकरी आहे तोवर बहारीन. पुढे पुणं, नाहीतर कॅनडा. तिथे गेल्यावर या पोराचा ‘आपला’ कोण राहणार, हा प्रश्न मी त्याला विचारू शकलो नाही आणि स्वतःलाही धड विचारलेला नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांत तो असाच न विचारलेला पडून असेल.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला फोन लावला. आप्पांनी उभं आयुष्य खासबागेत कुस्त्या बघितल्या. नातवानं सांगितलं, ‘आजोबा, काल आपला जिंकला!’

‘आपला म्हंजे कुठला रं?’

‘बहारीनचा.’

आप्पा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बरं झालं. कंचा डाव मारला?’